गेमचा रिव्ह्यू लिहिणारा कुणाकुणाचा मिंधा असतो?

२००७ सालचा नोव्हेंबर. गेमस्पॉट ही तेव्हाची मोठी गेमिंग साइट. तिचं पान उघडलं की वरची पट्टी, दोन्ही बाजूंची मोकळी जागा, मागची पार्श्वभूमी, सगळीकडे एकाच गेमची जाहिरात पसरलेली : 'केन अँड लिंच : डेड मेन'. त्याच साइटवर त्याच गेमचा रिव्ह्यूही होता. दहापैकी सहा गुण. म्हणजे अगदी टाकाऊ नाही, पण धावत जाऊन विकत घ्यावा असाही नाही. लिहिणारे होते जेफ गर्स्टमन, त्या साइटचे संपादकीय प्रमुख, दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच काम करणारे. महिना संपायच्या आत त्यांची नोकरी गेली.

वाचकांनी काय समजायचं ते समजलं. साइटने सांगितलं की जाहिरातदाराच्या दबावाचा याच्याशी काही संबंध नाही. गर्स्टमन यांना कायदेशीर बंधनांमुळे तोंड उघडता येत नव्हतं. त्यांचे काही सहकारी एकामागून एक बाहेर पडले आणि २००८ मध्ये गर्स्टमन यांच्यासह जायंट बॉम्ब नावाची वेगळी साइट उभी राहिली. खरी हकिगत कळायला २०१२ उजाडावं लागलं. जायंट बॉम्ब तेव्हा गेमस्पॉटच्याच मालक कंपनीने विकत घेतली, जुनी बंधनं उठली आणि गर्स्टमन बोलले. गुण कमी पडले की जाहिराती काढून घेण्याची धमकी गेम कंपन्या आधीही देत असत. जुने व्यवस्थापक ती पचवत. नवे आले ते या धंद्यात मुरलेले नव्हते, आणि मोठी रक्कम हातची जाताना दिसल्यावर ते कचरले.

या सगळ्यात कुणी कुणाच्या हातावर पैसे ठेवले नव्हते, हे मला महत्त्वाचं वाटतं. आवडत्या गेमला कमी गुण मिळाले किंवा भिकार गेमला जास्त मिळाले, की खेळाडू पहिला आरोप करतात तो 'पैसे खाल्ले' हाच. गुण थेट विकत घेतल्याचे पुरावे मात्र फार क्वचित समोर आले आहेत. हा विषय समजून घ्यायला लाच या शब्दापेक्षा मिंधेपणा हा शब्द जास्त कामाचा आहे. लाच घेणाऱ्याला ठाऊक असतं की आपण लाच घेतली. मिंध्या माणसाला कित्येकदा ते कळतही नाही. त्याने पैसे घेतलेले नसतात, खोटंही लिहिलेलं नसतं. एखादं कडक वाक्य लिहिताना त्याचा हात किंचित आखडतो, एवढंच. आणि ते वाक्य मग छापलंच जात नाही.

गेम पत्रकार इतका अवलंबून का असतो, याचं कारण गेमच्या लांबीत आहे. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. समीक्षक पहिल्या दिवशी तिकीट काढून पाहील आणि रात्री लिहून मोकळा होईल. मोठा गेम संपवायला तीस, पन्नास, कधी शंभर तास लागतात. समीक्षकाने तो बाजारात आल्यावर विकत घेतला तर त्याचा लेख यायला आठ-दहा दिवस जाणार, आणि तोवर ज्यांना घ्यायचा त्यांनी घेऊन टाकलेला असतो. लेख वेळेवर हवा तर गेम आधी मिळायला हवा, आणि आधी देऊ शकते ती फक्त कंपनी.

हा 'आधी मिळणं' प्रकार प्रत्यक्षात कसा असतो ते पाहू. समीक्षकाला एक ईमेल येतो. त्यात पंधरा-वीस अक्षरं आणि आकडे यांची एक ओळ असते, तिला रिव्ह्यू कोड म्हणतात. तो टाकला की गेम डाउनलोड होतो. कोडसोबत अटींचा कागद येतो. अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत काहीही प्रसिद्ध करायचं नाही, हा एम्बार्गो. कथेतला अमुक प्रसंग सांगायचा नाही. तमुक टप्प्यानंतरचं चित्रीकरण दाखवायचं नाही. शिवाय बहुतेक वेळा एक यादी : हे हे दोष आम्हाला माहीत आहेत, विक्रीच्या दिवशी येणाऱ्या पॅचमध्ये ते दुरुस्त होतील. त्या यादीपाशी समीक्षक खरा अडकतो. समोर दिसणाऱ्या दोषाबद्दल लिहायचं, की दुरुस्तीच्या आश्वासनावर विश्वास ठेवायचा? माझं मत विचाराल तर, दिसलं ते लिहावं आणि आश्वासनही जसंच्या तसं सांगावं. वाचकाचे पैसे आज जाणार असतात.

एम्बार्गोचं नाव काढलं की पुष्कळांना तो कटच वाटतो. तसं नाही. तारीख सगळ्यांना सारखी असली की कुणाला पहिलं येण्यासाठी अर्धामुर्धा गेम खेळून लेख खरडावा लागत नाही. प्रश्न येतो तो तारीख कोणती, याचा. विक्रीच्या आठवडाभर आधी एम्बार्गो उठत असेल तर वाचकाला विचार करायला वेळ मिळतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत 'असॅसिन्स क्रीड युनिटी' मध्यरात्री विक्रीला आला आणि रिव्ह्यू छापायची परवानगी मिळाली त्याच दिवशी दुपारी बारा वाजता. मधल्या बारा तासांत ज्यांनी उत्साहाने गेम सुरू केला त्यांना चेहरा गायब झालेली पात्रं दिसली. डोळे आणि दात हवेत तरंगताहेत, बाकी चेहरा नाहीच. गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्टने पुढे माफी मागितली आणि गेमचा जोडभाग फुकट दिला. पण ज्या बारा तासांत सावध करायला हवं होतं, त्या तासांत ज्यांना माहीत होतं त्यांची तोंडं बांधलेली होती. २०१६ मध्ये बेथेस्डा या गेम कंपनीने तर धोरणच जाहीर केलं : रिव्ह्यूसाठी गेम विक्रीच्या फक्त एक दिवस आधी मिळेल. एका दिवसात पन्नास तासांचा गेम कोण संपवणार?

या अटींचं टोक २०२० च्या डिसेंबरमध्ये 'सायबरपंक २०७७'ने दाखवलं. हे प्रकरण सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण त्यात कुणा पत्रकाराने लबाडी केली असं म्हणता येत नाही आणि तरीही वाचक फसला. पोलंडची सीडी प्रोजेक्ट ही कंपनी तोवर खेळाडूंच्या गळ्यातला ताईत होती. विक्रीआधीच ८० लाख प्रतींची नोंदणी झालेली. समीक्षकांना गेम मिळाला तो फक्त पीसीवरचा. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवरची, म्हणजे कन्सोलवरची, आवृत्ती रिव्ह्यू लिहिण्याआधी त्यांना मिळाली नाही. आणखी एक अट होती : रिव्ह्यूच्या व्हिडिओत समीक्षकाने स्वतः खेळतानाचं चित्रीकरण विक्रीच्या दिवसापर्यंत वापरायचं नाही, कंपनीने पुरवलेलंच वापरायचं. त्यामुळे झालं असं की लेखात दोषांचा उल्लेख होता, पण पडद्यावर कंपनीने निवडलेली देखणी दृश्यं चालली होती. डोळ्यांना जे दिसतं त्यापुढे शब्द फिके पडतात.

१० डिसेंबरला गेम आला. दमदार पीसीवर तो बऱ्यापैकी चालला. जुन्या कन्सोलवर मात्र तो अडखळत होता, बंद पडत होता, चित्र धूसर दिसत होतं. चार दिवसांनी कंपनीने कबूल केलं की जुन्या कन्सोलवरचा गेम आधी न दाखवल्यामुळे लोकांना नीट विचार करून निर्णय घेता आला नाही. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने १८ डिसेंबरला तो आपल्या दुकानातून काढूनच टाकला. तो परत यायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला.

आता, कित्येक रिव्ह्यूंमध्ये 'आम्ही पीसीवर खेळलो' असं लिहिलेलं होतं. पण ते कुठे? खाली, बारीक अक्षरात, जिथे साइट नेहमीच कोणत्या यंत्रावर खेळलो ते नोंदवते तिथे. माझ्या मते ते पहिलं वाक्य असायला हवं होतं : 'तुमच्यापैकी बहुतेकांकडे जे यंत्र असेल त्यावरचा गेम कंपनीने आम्हाला दाखवलेला नाही, आणि आमचं स्वतःचं चित्रीकरण दाखवायलाही मनाई केली आहे.' एवढं ठळक लिहिलं असतं तर गुण नऊ दिले असते तरी वाचक फसला नसता. पत्रकाराने अट मान्य करणं हा गुन्हा नाही. अट वाचकाच्या नजरेआड ठेवणं ही चूक आहे.

गुणांचं म्हणाल, तर आकड्यानेही बरंच बिघडवलं आहे. मेटाक्रिटिक ही साइट २००१ पासून वेगवेगळ्या रिव्ह्यूंचे गुण एकत्र करून शंभरपैकी एक आकडा काढते. वाचकासाठी ती सोय आहे. पण हा आकडा कंपन्यांच्या करारांत जाऊन बसला. ऑब्सिडियन या स्टुडिओने केलेला 'फॉलआउट : न्यू वेगास' २०१० मध्ये आला. ८५ गुण मिळाले तर स्टुडिओला बोनस, असं ठरलं होतं. मिळाले ८४. स्टुडिओतल्या ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. एका गुणाने बोनस गेला. असं असताना एखादा समीक्षक सहा लिहू पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे फक्त गेम राहत नाही, तो बनवणारी माणसंही उभी राहतात. दहाच्या पट्टीवर सातच्या खालचे आकडे कमीच वापरले जातात, याची कारणं अनेक, पण हा भिडस्तपणा त्यातलं एक. म्हणूनच युरोगेमर या गेमिंग साइटने २०१५ मध्ये गुण देणंच बंद केलं होतं. पुढे तेही ताऱ्यांकडे परतले. लोकांना आकडा हवाच असतो.

भेटवस्तूंबद्दल फार लिहायला नको, कारण तो प्रकार सगळ्यांना लगेच समजतो. २०१४ मध्ये 'वॉच डॉग्ज'च्या लंडनमधल्या कार्यक्रमात पत्रकारांना चक्क टॅबलेट वाटले गेले. बोभाटा झाल्यावर हे आमच्या धोरणात बसत नाही असं युबिसॉफ्टनेच म्हटलं. दोन वर्षं आधी, २०१२ मध्ये, रॉबर्ट फ्लॉरेन्स यांनी युरोगेमरवरच्या आपल्या सदरात पत्रकार आणि कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांची गळामिठी उघड्यावर मांडली होती. निमित्त होतं एका पुरस्कार सोहळ्याचं : गेमची जाहिरात करणारं ट्वीट करा आणि प्लेस्टेशन जिंका, अशी स्पर्धा, आणि त्यात भाग घेणारे स्वतः पत्रकार. लेखात नाव आलेल्या एका व्यक्तीने कायद्याची भाषा केली, साइटने मजकूर काढला, फ्लॉरेन्स यांनी सदर सोडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुम्ही विकले गेला नसाल, पण तसे दिसता, आणि तसं दिसणंही तुम्हाला परवडणारं नाही.

त्यानंतरच्या काळात वाचक लेखांकडून व्हिडिओंकडे वळला, आणि जुने प्रश्न मोठे होऊन परत आले. छापील नियतकालिकात जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग यांच्यात निदान एक भिंत असायची. कधी ती पातळ असे, पण असे. एकटा यूट्यूबर स्वतःच संपादक, स्वतःच जाहिरात विभाग आणि स्वतःच हिशोबनीस. भिंत बांधायची तरी कुठे?

'मिडल-अर्थ : शॅडो ऑफ मॉर्डोर' हा २०१४ चा गेम. वॉर्नर ब्रदर्सच्या वतीने एका जाहिरात संस्थेने लोकप्रिय यूट्यूबरांशी करार केले. गेम आधी मिळणार, वर काहीशे डॉलरपासून दहा हजारांच्या पटीतल्या रकमांपर्यंत पैसे. बदल्यात व्हिडिओ गेमचं कौतुक करणारा हवा आणि त्यात दोष दाखवायचे नाहीत. काही यूट्यूबरांनीच या अटी चव्हाट्यावर आणल्या. अमेरिकेत ग्राहकहिताचं काम पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. आयोगाच्या म्हणण्यानुसार हे व्हिडिओ ५५ लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले, त्यातले ३७ लाखांहून अधिक एकट्या प्यूडीपाय या यूट्यूबरचे.

पैसे घेतल्याचं लिहिलेलं नव्हतं का? होतं. ते कुठे होतं, हे पाहण्यासारखं आहे. व्हिडिओच्या खाली वर्णनाची चौकट असते. तिच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी मजकूर 'आणखी दाखवा' दाबल्यावर उघडतो. कबुली त्या घडीच्या आत होती. ती तिथेच ठेवायची, हेही सूचनांमध्येच होतं. म्हणजे कायद्यापुरती कबुली आहे, पण पाहणाऱ्याच्या नजरेला ती पडू नये अशी काळजीही घेतलेली आहे. मला या प्रकरणात सर्वात वाईट वाटतं ते याचं, की गेम खरोखर चांगला होता. स्वतंत्र समीक्षकांनीही त्याची तारीफ केली. ज्यांना तो मनापासून आवडला असेल त्यांचं कौतुकही या करारामुळे संशयात सापडलं.

त्याच्या आदल्या वर्षी आयोगाने मशिनिमा या व्हिडिओ जाळ्यावर बोट ठेवलं होतं. एक्सबॉक्स वनबद्दल चांगलं बोलणाऱ्या दोघांना १५ हजार आणि ३० हजार डॉलर मिळाले होते, आणि पाहणाऱ्यांना ते कळण्याची काही सोय नव्हती. २०१७ चं प्रकरण त्याहून पुढचं. दोन यूट्यूबर एका जुगाराच्या साइटवर 'काउंटर-स्ट्राइक' या गेममधल्या वस्तू जिंकतानाचे व्हिडिओ टाकत. ती साइट त्यांच्याच मालकीची होती, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पाहणाऱ्यांत शाळकरी वयाची मुलं किती असतील याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

आता २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या गेमरगेटबद्दल. पत्रकारितेतली नैतिकता हा शब्दप्रयोग गेमच्या जगात उच्चारला की ते प्रकरण आठवतंच, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. एका फुकट, मजकुरावर चालणाऱ्या छोट्या गेमच्या निर्मातीवर तिच्या आधीच्या जोडीदाराने वैयक्तिक आरोप केले. त्यातून बोललं जाऊ लागलं की पत्रकाराशी असलेल्या संबंधांमुळे तिला चांगला रिव्ह्यू मिळाला. ज्या पत्रकाराचं नाव घेतलं गेलं त्याने त्या गेमचा रिव्ह्यू लिहिलेलाच नव्हता. तो ज्या साइटसाठी लिहीत असे त्या कोटाकूच्या संपादकांनी तपासून तसं जाहीरही केलं. तपासायला पाच मिनिटं पुरली असती. पण तोवर जमाव जमला होता. पुढचे महिने धमक्या, घरचे पत्ते उघड करणं, शिवीगाळ यांत गेले, आणि त्याचा मारा झाला तो मुख्यतः स्त्रियांवर. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, गेममधल्या स्त्रीचित्रणावर टीका करणाऱ्या अनिता सार्कीझियन यांचं यूटा स्टेट विद्यापीठातलं व्याख्यान सामूहिक हत्येच्या धमकीमुळे रद्द झालं. शस्त्र घेऊन येणाऱ्यांना आत येऊ देऊ नका, ही त्यांची मागणी तिथल्या कायद्यामुळे मान्य होऊ शकली नव्हती.

त्या गर्दीत काही वाचक खऱ्या तक्रारी घेऊन आले होते, हे मी मानते. त्या तक्रारींतून काही बदलही झाले. कोटाकूने आपल्या लेखकांना गेम निर्मात्यांना वर्गणी देण्याची मनाई केली, पॉलिगॉन या दुसऱ्या साइटने अशी वर्गणी जाहीर करणं सक्तीचं केलं. पण या वर्षांचा हिशोब मांडताना एक गोष्ट मला सतत खुपते. त्याच शरद ऋतूत एक बलाढ्य कंपनी कौतुकाचे करार वाटत होती आणि दुसरी विक्री सुरू झाल्यावरही रिव्ह्यू दाबून ठेवत होती. ज्या वर्षी संतापाला इतकी खरी लक्ष्यं होती, त्या वर्षी तो बरसला फुकट गेम बनवणाऱ्या एकट्या मुलीवर. नैतिकतेचं नाव घेऊन छळ झाला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं नैतिकतेबद्दल सरळ प्रश्न विचारणाऱ्यालाही लोक संशयाने पाहू लागले. खऱ्या प्रश्नाचं इतकं नुकसान कुठल्याही कंपनीला करता आलं नसतं.

मिंधेपणाची उलट बाजू म्हणजे बहिष्कार. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये कोटाकूने वाचकांना सांगितलं की बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या दोन कंपन्यांनी आपल्याशी बोलणं बंद केलं आहे. ईमेलला उत्तर नाही, रिव्ह्यू कोड नाही, मुलाखत नाही. कारण, या कंपन्यांच्या जाहीर न झालेल्या गेमच्या बातम्या कोटाकूने आधीच फोडल्या होत्या. यावर बऱ्याच खेळाडूंची प्रतिक्रिया 'बरं झालं, आमचं आश्चर्य का घालवता' अशी होती. मला ती पटत नाही. कंपनीला जे सांगायचं असतं त्यासाठी तिच्याकडे जाहिरात विभाग आहे. पत्रकाराने तेच सांगायचं तर त्याची गरजच काय?

आणि याच साइटवर, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, सेसिलिया डॅनास्टासिओ यांचा रायट गेम्सवरचा लेख आला. 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या या कंपनीत स्त्रियांना कशी वागणूक मिळते, याबद्दल त्यांनी २८ आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून लिहिलं. पुढच्या वर्षी कर्मचारी काम सोडून कचेरीबाहेर उभे राहिले, खटले झाले, आणि २०२१ च्या अखेरीला रायटने दहा कोटी डॉलर देऊन तडजोड मान्य केली. या कामासाठी रिव्ह्यू कोड लागत नाही. लागतात ते महिनोन्महिने, वकील, आणि पाठीशी उभा राहणारा संपादक. म्हणजे पैसे.

नेमके तेच आटत चालले आहेत. जाहिरातींचा पैसा मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांकडे गेला, साइट हातोहात विकल्या जाताहेत. आयजीएन या मोठ्या गेमिंग साइटने २०२४ मध्ये युरोगेमरसह अनेक साइट घेतल्या. २०२५ मध्ये पॉलिगॉन विकली गेली आणि तिथल्या बऱ्याच जणांची नोकरी गेली. गेम इन्फॉर्मर या १९९१ पासूनच्या मासिकाची गोष्ट तर या विषयाचा सारा गुंता दाखवणारी आहे. त्याची मालकी गेमस्टॉप या गेम विकणाऱ्या दुकानांच्या साखळीकडे होती. म्हणजे जो माल विकतो त्याच्याच खर्चाने मालाचं परीक्षण. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मालकाने ते एका दिवसात बंद केलं, आणि साइटवरचे इतक्या वर्षांचे लेखही त्याबरोबर दिसेनासे झाले. २०२५ च्या मार्चमध्ये ते परत आलं, जुन्याच मंडळींसह. यावेळी मालक आहे गन्झिला गेम्स, स्वतः गेम बनवणारी कंपनी. संपादकीय कामात मालकाचा हात नसेल असं सांगितलं गेलं, आणि ते खोटं मानायला माझ्याकडे कारण नाही. उद्या या मालकाचाच गेम परीक्षणाला आला, तर लेखाच्या पहिल्या ओळीत ते नातं लिहिलेलं आहे का, एवढं मी पाहीन.

रिव्ह्यू वाचताना माझी नजर आता गुणांआधी अशाच गोष्टींकडे जाते. गेम विकत घेतला की कंपनीने दिला? किती तास खेळला, संपवला का? कोणत्या यंत्रावर? प्रवासखर्च कुणाचा होता? साइटने आपली चूक आजवर कशी कबूल केली आहे? या शेवटच्या प्रश्नासाठी २०१८ चं एक उदाहरण मी लक्षात ठेवलं आहे. 'डेड सेल्स' या गेमचा आयजीएनवरचा रिव्ह्यू आपल्या व्हिडिओतून उचललेला आहे, असं एका छोट्या यूट्यूबरने दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं. आयजीएनने रिव्ह्यू काढला, माफी मागितली, संबंधित संपादकाला कामावरून कमी केलं आणि दुसऱ्या समीक्षकाकडून नव्याने परीक्षण करून घेतलं. चोरी झाली ही लाजिरवाणी गोष्ट, पण साइटने ती दडपली नाही.

आणि मग आपण वाचक. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपल्यालाही लागू पडते, कारण हळूहळू पोळी आपणच देऊ लागलो आहोत. 'सायबरपंक' येण्याच्या तीन दिवस आधी गेम इन्फॉर्मरच्या एका समीक्षिकेने लिहिलं होतं की गेममधल्या एका दृश्यात दिव्यांची अशी उघडझाप होते की तिला खेळताना अपस्माराचा झटका आला, असा आजार असणाऱ्यांनी जपावं. वाचकांसाठी याहून मोलाचं काय असेल? कंपनीने तिचं ऐकलं, इशारा घातला, दृश्यात बदल केला. पण गेमच्या काही चाहत्यांनी तिला झटका यावा म्हणून मुद्दाम दिव्यांची उघडझाप करणारे व्हिडिओ पाठवले. गेम अजून विकतही मिळत नव्हता.

गर्स्टमन यांच्या बाबतीतही असंच काही आधी घडून गेलं होतं. नोकरी जाण्याच्या बरोबर वर्षभर आधी, २००६ च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांनी 'द लेजंड ऑफ झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस'ला दहापैकी ८.८ गुण दिले. त्यावर वाचक खवळले. नऊच्या वर का नाही, म्हणून. २०२२ मध्ये त्यांनी जायंट बॉम्बही सोडली आणि ते आता थेट श्रोत्यांच्या वर्गणीवर स्वतःचा कार्यक्रम चालवतात. जाहिरात काढून घेण्याची धमकी देणारा मधला माणूस तिथे नाही. वर्गणीदार कुणाला आठ पूर्णांक आठ दशांश लिहू देतील आणि कुणाला नाही, त्यावर आता घर चालायचं.